तात्यांची कोळशाची भिंत

हिर्डोशीच्या तात्यांनी घराची एक भिंत सारवायची कधीच बंद केली होती. तिच्यावर त्यांचं संशोधन होतं. देवीची लस टोचणारा येऊन गेला की गावात जे काही वाईट होईल, त्याची एकेक कोळशाची रेघ.

टोचलेल्या पोराला ताप आला, रेघ. हे ठीक. पण टोचलेल्या माणसाची म्हैस आटली, रेघ. टोचलेल्या पाटलीणबाई रुसून माहेरी गेल्या, तीही रेघ. "म्या न्हाई म्हनत, भित म्हनतीया," हे त्यांचं ब्रीद. एवढ्या विद्वानापुढे माझ्यासारख्या नव्यानं बदलून आलेल्या मास्तरानं काय बोलावं?

पण लस टोचणारा पुन्हा येणार होता, आणि तात्या आपल्या दोन वर्षांच्या नातीला टोचू देईनात. सून रडकुंडीला आलेली. शेवटी मी विचारलं, "तात्या, टोचून ज्यांना काहीच झालं नाही, त्यांच्या रेघा कुठायत?"

"झालंच न्हाई, तर रेघ कशाची वडायची?"

"मग ह्या रेघा पाचांतल्या की पाचशेंतल्या, हे कळणार कसं?"

तात्या दुखावले. दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घालू लागले. टोचलेला माणूस दिसला की त्याला उभा करून दंडावरचा वण तपासायचे आणि दरडावायचे, "खरं सांग, बरा हायस न्हवं?" लोक बरे आहेत याचा इतका राग आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बऱ्या निघालेल्यांच्या रेघांनी समोरची भिंत भरली, कोळसा संपला. म्हशीची आणि पाटलीणबाईंची रेघ पुसल्यावर पहिल्या भिंतीवर थोडे ताप उरले, तेही चार दिवसांत उतरलेले.

मी जिंकल्याच्या थाटात चहा मागितला. तात्यांनी पहिल्या भिंतीवरून हात फिरवला.

"गुरुजी, सोनी माजी धाकली लेक. टोचणारा आला तवा म्याच तिला कणगीत दडवली. त्याच साली देवीनं नेली. माजं चुकलं न्हाई, आसं भितीनं म्हनावं म्हून रेघा वडत व्हतो."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

नातीला टोचलं. ताप आला तेव्हा तात्यांनी पहिल्या भिंतीवर इमानानं रेघ ओढली आणि ते तिच्या उशाशी बसून राहिले. दंडावरची खपली पडली त्या दिवशी मला बोलावून घेतलं, समोरच्या भिंतीवर नातीची रेघ ओढली. मग तिच्या शेजारी आणखी एक, बारीकशी.

"ही सोनीची," ते म्हणाले. "टोचली आसती, तर हितं आसती."