राइट आउटच्या बदल्यात

कुवेतमधल्या मिरकाबच्या मराठी हॉकी संघाकडे प्रभाकर नावाचा उत्तम राइट आउट होता. डावी बाजू मात्र लंगडी. मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीतल्या संघाचं नेमकं उलट. त्यांचा शत्रुघ्न हा लेफ्ट आउट नावाजलेला. तेव्हा अदलाबदल करावी असं ठरलं. पण मिरकाबचे अध्यक्ष डॉ. हरिश्चंद्र शिस्तीचे. आधी दोघांचं तौलनिक मूल्यमापन व्हावं म्हणून त्यांनी उपसमिती नेमली. हॉकी कळणारं दुसरं कुणी नसल्यामुळे तीत प्रभाकरलाच घेतलं.

"स्वतःविषयी निःपक्षपातीपणे बोला," अध्यक्ष म्हणाले.

प्रभाकर इस्पितळात एक्स-रे काढायचा. हा संघ त्यानंच दारोदार हिंडून जमवलेला. तो सोडून जायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. तो म्हणाला, "माझ्यासारखा राइट आउट अख्ख्या कुवेतमध्ये नाही, डॉक्टरसाहेब."

"वा! मग नुसत्या शत्रुघ्नवर कसं भागेल? वर काहीतरी मागू."

प्रभाकर घाबरला. "तसा गुडघा दुखतो माझा. चेंडूही हल्ली नीट अडत नाही."

"मग ठेवायचा कशाला?"

प्रभाकर गप्प बसला. मौन ही संमती धरण्यात आली.

रिफायनरी संघाचे मॅनेजर सिराजभाई रत्नागिरीचे, घासाघीस रक्तातच. शत्रुघ्नबरोबर खिडकीत बसवायचा एक एसी द्यायला ते तयार झाले. उपसमितीनं एसी तासभर चालवून पाहिला. शत्रुघ्नला कुणी पळवून पाहिलं नाही. शिवाय त्याच्याकडे गाडी नव्हती. सरावाला त्याची ने-आण कोण करणार?

"शत्रुघ्न राहू द्या तुमच्याकडेच," अध्यक्ष म्हणाले, "त्याऐवजी एसी जरा मोठा द्या."

सौदा झाला. मे महिन्यात दोन्ही संघांचा सामना झाला. मिरकाबवर नऊ गोल चढले. त्यातले पाच प्रभाकरचे. एकाही गोलाला त्याला हात वर करवला नाही.

संध्याकाळी तो क्लबच्या खोलीवर गेला. जुने सोबती एसीसमोर दाटीवाटीनं बसले होते.

"मला परत घ्या," तो म्हणाला.

"घेऊ की! आपलेच आहात," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "फक्त एसी परत द्यावा लागेल. मतदान घेऊ. प्रभाकर परत हवा, त्यांनी हात वर करा."

सगळे जमिनीकडे बघू लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "प्रभाकर, दार तेवढं लावून घे रे. गारवा जातो."

वाचकांपैकी कुणाचा हात त्याच्यासाठी वर गेला असेल, तर त्यांनी आधी डोक्यावरचा पंखा बंद करावा. घटकाभरानं पुन्हा मत घेऊ.