‘पानलाव’ची पहिली आवृत्ती

“अकरावी पायरी झाली का?” छोटूने मोबाइल खांद्याने कानाशी दाबत विचारलं.

“अकरावी कुठली? मी चौथीवरच आहे,” पलीकडून ग्रंथालयाच्या स्टेशन शाखेतल्या बाई ओरडल्या. “काळ्या खिडकीत भराभर काहीतरी यायला लागलं. मी घाबरून मॉनिटरच बंद केला!”

छोटूने डोळे मिटले. ‘छोटू’ हे नाव त्याला थोरल्या बहिणीने, ताईने ठेवलं होतं आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी, अर्ध्या डोक्यावरचे केस गेल्यावरही ते सुटलं नव्हतं. ताई ग्रंथालयाची प्रमुख होती. ग्रंथालयाच्या तीस शाखांत जुनी पुस्तकं स्कॅन करण्याचं काम चाललं होतं, पण स्कॅन झालेली पानं कशीही, कुठेही पडत. म्हणून छोटूने तिला एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. त्याला ना बटणं, ना चित्रं. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की सगळी पानं क्रमाने लागायची. अडचण एवढीच होती, की तो प्रोग्राम आधी संगणकावर बसवायला अकरा पायऱ्या होत्या.

महिनाभर छोटूला फोनवर फोन येत होते. कोणाशी पुन्हा गाठ पडली तर तयारी असावी, म्हणून त्याने एका फाइलमध्ये अडणाऱ्या प्रत्येकाची टिपणं ठेवली होती. ती अर्थात स्वतःपुरती. म्हणून भाषाही स्वतःपुरतीच.

शेवटी ताईच वैतागली. “अरे, मोबाइलवर ॲप घेताना मी पायऱ्या मोजते का? बोट लावलं की बसतं. तसं करून दे. शुक्रवारी अकरा वाजता सगळ्या शाखांची बैठक आहे, आणि मी संचालकांना शब्द देऊन बसलेय.”

तशी सोय होती. पॅकेज मॅनेजर म्हणजे प्रोग्रामांचं मोठं कोठार. एक ओळ टाइप केली की हवा तो प्रोग्राम तिथून आपोआप येऊन बसतो. फक्त आपला प्रोग्राम नीट बांधून त्या कोठारात ठेवायला हवा. दोन तासांचं काम, छोटू म्हणाला आणि सोमवारी सकाळी बसला.

सोमवार नावातच गेला. प्रोग्रामचं नाव होतं ‘पान’. ते नाव कोठारात सहा वर्षांपूर्वीच कोणीतरी पत्त्यांच्या अर्धवट खेळाला देऊन गायब झाला होता. छोटूने ‘पानलाव’ असं नवं नाव घेतलं, चाळीस ठिकाणी बदललं आणि एकेचाळिसाव्या ठिकाणी विसरला. मग प्रोग्राम गुपचूप बसायचा आणि चालवला की ‘पान सापडत नाही’ म्हणून अडून राहायचा.

मंगळवारी कळलं, की पानलावला दुसरा एक प्रोग्राम लागतो, त्याला तिसरा लागतो आणि तिसऱ्याला दुसऱ्याची जुनीच आवृत्ती हवी.

“हा त्याच्याशिवाय येत नाही, तो ह्याच्याशिवाय येत नाही, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही,” छोटू कपाळाला हात लावून बायकोला म्हणाला.

“म्हणजे तुझे दोन मामाच की,” बायको म्हणाली आणि कामाला निघून गेली.

बुधवारी कोठाराच्या परीक्षकाने पॅकेज परत पाठवलं. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम होता. छोटूने तो काढला. पुन्हा परत आलं. वर्णन फार लांब होतं. गुरुवारी दुपारी एकदाचं ते स्वीकारलं गेलं, तेव्हा छोटूला आनंदसुद्धा झाला नाही. तो नुसता खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत राहिला.

शुक्रवारी सव्वाअकराला ताईचा फोन आला. “बसलं रे! तीसच्या तीस शाखांत, एका ओळीत बसलं!” मागे टाळ्या ऐकू येत होत्या. “थांब हं, आता सूचना वाचायला सगळे ‘पानलाव मदत’ टाइप करतायत. मोठ्या पडद्यावर.”

टाळ्या थांबल्या. मग ताईचा आवाज आला, खूपच हळू.

“‘पूर्व शाखा, जाड चष्म्याचे काका. एंटर दाबा म्हटलं की एंटर हा शब्द टाइप करतात. त्यांना सांगावं, उजवीकडचं मोठं बटण, एकदाच दाबा आणि हात काढा.’ छोट्या, हे काय आहे?”

छोटूने घाईघाईने प्रोग्रामचं फोल्डर उघडलं. त्यात दोन फाइली होत्या, ‘मदत’ आणि टिपणांची ‘मदत-फोन’. पॅकेज बांधताना त्याने ‘मदत’ने सुरू होणारं सगळं घे, असं सांगितलं होतं. दुसरी पहिलीला दाबून तिच्या जागी बसली होती.

“‘स्टेशन शाखा, ओरडणाऱ्या बाई,’” ताई वाचत होती. “‘मॉनिटर बंद करतात आणि काम गेलं म्हणतात. काम जात नाही. मॉनिटर लावा.’ आणि हे… ‘संचालक. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. बोलतानाही सोडत नाहीत. पानलावनंतर एक जागा सोडा.’”

छोटूने फोन बंद केला आणि पॅकेज मागे घ्यायला धावला. कोठाराचा नियम सरळ होता: एकदा दिलेली आवृत्ती पुसता येत नाही, नवी द्या. नवी दिली. परीक्षकाचं उत्तर आलं, ‘मी डोंगरावर आहे. मंगळवारी बघतो.’

शनिवार-रविवारी ताईचे चौदा फोन आले. छोटूने एकही उचलला नाही.

“नोकरी तिची जाणार आणि तोंड तू लपवतोस,” बायको म्हणाली. त्याने माफीची तीस पत्रं लिहायला घेतली. सातव्यानंतर शब्द संपले.

मंगळवारी नवी आवृत्ती गेली. तिच्यातली मदत सभ्य होती, नेमकी होती, कोणालाही बोट ठेवायला जागा नव्हती. बुधवारी ताई स्वतः घरी आली. पर्स मांडीवर घेऊन बसली.

“नवीन मदत कोणी लिहिली?”

“मीच.”

“एका माणसाला कळत नाहीये. ‘पर्याय’ काय, ‘मार्ग’ काय! कसला मार्ग? ती जुनी परत टाक.”

“जुनी?” छोटूने विचारलं.

“अरे, शुक्रवारी काकांनी जन्मात पहिल्यांदा एंटर दाबलं. संचालकांनी जागा सोडली. संध्याकाळपर्यंत चारशे पुस्तकांची पानं लागली.”

“म्हणजे कोणी रागावलं नाही?”

“रागावलेत ना. तू नऊच शाखांबद्दल लिहिलंस. उरलेल्या एकवीस रुसल्यात.” तिने पर्समधून यादी काढली. “त्यांचंही लिही. नदीकाठच्या शाखेतल्या बाईंचं आधी. त्यांनी फारच मनाला लावून घेतलंय.”

ताई गेल्यावर छोटू तासभर कीबोर्डपुढे बसून राहिला. नदीकाठच्या बाई त्याला चांगल्याच आठवत होत्या. त्यांनी एकदाच फोन केला, अकराही पायऱ्या मुकाट्याने केल्या आणि आभार मानून फोन ठेवला. त्यांच्याबद्दल लिहायला चिमूटभरसुद्धा काही नव्हतं. अखेर त्याने धीर करून त्यांनाच फोन लावला.

“बाई, जरा विचारायचं होतं. तुम्ही नेमक्या चुकता कुठे?”

पलीकडून बाई अगदी गहिवरून म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तिथे चुकते हो!”