निळ्या फाटकाचं घर

थोरल्या जावयांनी या सुट्टीत धाकट्या जावयांना पाणी पाजायचं ठरवलं होतं. दर वेळी धाकटे दोन्ही जोडप्यांना कुठल्यातरी नावाजलेल्या किनाऱ्यावर नेत आणि तिथल्या गर्दीत थोरल्यांना बायकोची पिशवी सांभाळत उभं राहावं लागे. म्हणून त्यांनी नकाशा पालथा घातला आणि सासरेबुवांनीही कधी नाव ऐकलं नव्हतं असा एक किनारा शोधून काढला. तिथल्या एका बाईंकडे दोन खोल्या आणि दुपारचं जेवणही फोनवर सांगून ठेवलं. "रस्ता संपला की निळं फाटक," एवढाच पत्ता बाईंनी दिला होता.

रस्ता संपला तिथे निळं फाटक होतं. फाटकात एक वयस्क जोडपं वाटच बघत उभं होतं. "या, या. प्रवासात त्रास नाही ना झाला?" म्हणत म्हाताऱ्यांनी बॅगांना हात घातला.

"बघितलंत?" थोरले साडूच्या कानाशी लागले. "पण अशा लोकांना पहिल्यापासून धाकात ठेवावं लागतं, नाहीतर डोक्यावर बसतात."

त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ पाहिली. उशीचा अभ्रा हुंगून बदलायला लावला. चहा परत पाठवला. "अहो, किती ते," बायको हळूच म्हणाली, पण धाकटे कौतुकानं बघताहेत असं वाटल्यावर थोरल्यांना चेवच चढला.

जेवण वाढायला एक तरतरीत मुलगी आली. मासे अप्रतिम होते, पण तसं बोलून भाव वाढवून देण्याइतके थोरले भोळे नव्हते.

"ही पोरगी किती दिवस आहे इथे?" त्यांनी विचारलं.

"ही?" म्हातारे गोंधळले. "ही इथेच वाढली."

"मग विश्वासातली दिसतेय. धुणीभांडी, केरफरशी सगळं येतं ना?"

"येतं. पण तिला नोकरी करायची आहे."

"नोकरी कसली? शहरात आमच्याकडेच पाठवा तिला. दोन वेळचं खायला घालू, आणखी काय पाहिजे?"

धाकटे खो खो हसले. मुलीच्या हातातला डाव तसाच राहिला. "पाठवणारच आहोत," म्हातारे खालच्या आवाजात म्हणाले. मुलगी आत गेली ती परत बाहेर आलीच नाही.

हात पुसत थोरले अंगणात आले, तोच फोन वाजला.

"साहेब, कुठे राहिलात? जेवण गार व्हायला लागलं."

"कोण बोलतंय?"

"निळं फाटक, साहेब. मी फाटकातच उभी आहे."

थोरल्यांनी मान वर केली. समोर एक निळं फाटक होतं. त्याच्या शेजारचंही निळंच. होड्या रंगवून उरलेला रंग सगळी वस्ती फाटकांना फासत असावी. तिसऱ्या फाटकात एक बाई कानाला फोन लावून इकडेतिकडे बघत होत्या.

थोरले गर्रकन वळले. मागे म्हातारे उभे होते. "काका, तुम्ही खोल्या भाड्यानं देता ना?"

"नाही हो."

"मग आम्हाला का जेवायला घातलंत?"

"तुम्ही मुलाकडचे ना?" म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. मुलीनं शहरात शिकताना आपलं आपण लग्न जमवलं होतं. मुलाचे आईवडील, काका आणि काकू आज पहिल्यांदाच घरी येणार होते. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. "हिची आई मघापासून रडतेय. म्हणते, पोरीला विहिरीत ढकलेन, पण त्या घरात देणार नाही. आणि पोरीनं आत्ताच मुलाला फोन करून लग्न मोडलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं थोरल्यांना झालं. तेवढ्यात दारात गाडी थांबली. तीतून एक टक्कल पडलेले ठेंगणे गृहस्थ हात जोडतच उतरले.

"मी मुलाचा बाप," ते म्हणाले. "वाटेत त्याचा फोन आला. मी तुमच्या लेकीला नको ते बोललो म्हणे. आम्ही तर अजून रस्त्यातच होतो, मग कधी बोललो ते काही कळेना. पण पोरगी खोटं कशाला सांगेल? माझंच काही चुकलं असणार. मला माफ करा."

मुलगी आणि तिची आई दारात येऊन उभ्या राहिल्या. धाकटे जावई गुपचूप बॅगा गाडीत टाकत होते. थोरल्यांनाही तसंच सटकता आलं असतं. पण तो परका माणूस त्यांच्या वाटणीचे हात जोडून उभा होता, आणि ते काही त्यांना बघवेना.

"ते मी बोललो," थोरले म्हणाले.

"आणि आपण कोण?" गृहस्थांनी विचारलं.

"आम्ही... फिरायला आलोय."

मुलीच्या आईनं डोळे पुसले. "हे तुमचे कोणी नाहीत?" तिनं त्या गृहस्थांना विचारलं.

"नाही हो. आजच बघतोय यांना."

"नात्यातले? लांबचे?"

"लांबचेसुद्धा नाहीत."

ती पायरीवर मटकन बसली आणि हसायला लागली. मग मुलगी हसली, म्हातारे हसले, काय झालंय ते न कळूनही मुलाकडचे पाहुणे हसले. आपण कुणाचे कोणी नाही याचा एवढा आनंद एखाद्या घराला झालेला थोरल्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. खाली मान घालून ते फाटकाकडे निघाले.

"अहो, असे उन्हाचे कुठे निघालात?" आईनं मागून हाक मारली. तिच्या आवाजात खरोखरच माया होती. "बसा निवांत, चहा टाकते. आता तुमचं मला काही वाटत नाही."