सेहेचाळीस ट्रकांची लिंबं

सेहेचाळिसावा ट्रक तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा कुमार तोडकरने हातातला पाइप खाली टाकला आणि तो त्याच ओल्या सिमेंटवर मटकन बसला. ट्रकचा ड्रायव्हर सार्जंट डेल शेजारी येऊन बसला. दोघांच्याही विजारी मागून भिजल्या, पण उठायचं त्राण दोघांतही नव्हतं.

"आता कुठं सापडली माती?" कुमारने विचारलं.

"पुढच्या बंपरच्या आत. चिमूटभर," डेल म्हणाला.

"चिमूटभर मातीला एवढं काय हो? आमच्यात पोरं माती खाऊन मोठी होतात."

सन एक्क्याण्णवचा एप्रिल संपत आला होता. लढाई फेब्रुवारीतच आटोपली होती, पण सौदीतल्या दम्मामच्या बंदराबाहेर धुण्याची लढाई जोरात चालू होती. अमेरिकेचा नियम असा की परदेशातल्या मातीचा कण, बियाणं, गवताची काडी, काहीही घरी येता कामा नये. पिकांना नि जनावरांना रोग लागतो. त्यामुळे वाळवंटात सहा-सहा महिने लोळलेले ट्रक नव्या नवरीसारखे न्हाऊनमाखून जहाजावर चढायचे. डेलच्या तुकडीचे ट्रक सेहेचाळीस. त्यांतला शेवटचा पास होईपर्यंत तुकडीतल्या एकालाही विमानात पाय ठेवायला परवानगी नव्हती.

आणि कुमारलाही नव्हती. धुण्याचं कंत्राट त्याच्या कफीलाकडे, म्हणजे त्याला नोकरीवर आणणाऱ्या अरब मालकाकडे होतं आणि कुमारचा पासपोर्टही कफीलाच्याच कपाटात होता. कुमारला ऑक्टोबरात रजा मिळायची होती, बायकोच्या बाळंतपणाला. ऑगस्टात तिकडे कुवेतवर इराकचे रणगाडे आले आणि कफील म्हणाला, आता लढाई होणार, थांब. मग म्हणाला, लढाई चालू आहे, विमानं बंद. मग लढाई संपली, तर म्हणाला, आता तर खरं काम! शेवटचा ट्रक गेला की बघू. तिकडे गावी विट्यात त्याची लेक स्मृती सात महिन्यांची झाली होती. बापाने तिला फक्त एका फोटोत पाहिलं होतं, आणि त्या फोटोत टोपडंच जास्त, पोरगी कमी होती.

कुमार आणि डेल यांचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, थोडं हिंदीत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी चालायचं. पण दोघंही शेतकऱ्याची पोरं, त्यामुळे अडत नसे. डेल नेब्रास्कातल्या तीनशे वस्तीच्या गावचा. घरी मका आणि डुकरं. बापाचं कंबरेचं हाड मोडलेलं, मक्याची पेरणी तोंडावर आलेली, आणि पेरायला दुसरं कोणी नाही.

"गावात आमची मिरवणूक काढणार आहेत," डेल म्हणाला. "दोनदा ठरली, दोनदा रद्द झाली. आई दर वेळी चाळीस ॲपल पाय भाजते, म्हणजे सफरचंद भरलेल्या गोड पोळ्या."

"मग त्या पोळ्यांचं काय होतं?"

"डुकरं खातात. आमची डुकरं फार खूश आहेत. आगीचा बंबसुद्धा धुऊन ठेवलाय मिरवणुकीसाठी."

"म्हणजे तिकडंबी धुणंच चालू आहे म्हणा की," कुमार म्हणाला आणि पाइप उचलून उभा राहिला.

त्या दिवशी त्या दोघांनी ट्रकचा बंपर सोडवला, सीट बाहेर काढली, दारांच्या फटी दात घासायच्या ब्रशने घासल्या. शेतकी खात्याचे इन्स्पेक्टर पेटिट दुपारी दोन वाजता पुन्हा आले. गोरी मान, पांढरे मोजे, हातात टॉर्च आणि एक छोटा चाकू. ते ट्रकखाली उताणे शिरले ते अर्धा तास बाहेरच येईनात. कुमारला वाटलं झोपले. अखेर बाहेर येऊन त्यांनी कागदावर सही केली.

"पास," ते म्हणाले, आणि डेलने कुमारला उचलून गरागरा फिरवलं.

आता ट्रक दोरी लावलेल्या स्वच्छ आवारात नेऊन उभा करायचा, दुसऱ्या दिवशी जहाजावर चढवायचा, एवढंच उरलं होतं. आणि इथेच कुमारने खिशात हात घातला.

मोहियुद्दीन त्याचा खोलीतला जोडीदार, मूळचा हर्णैचा, बारा वर्षं जेद्दात काढून इकडे आलेला. त्याने तो हात पाहिला.

"कुमार, परत? अरे, कोणी बघितलं तर जिवाशी येईल रे बाबा!"

"लिंबूच हाय. बाँब न्हाई."

"इथे असलं काही चालत नाही, तुला शंभर वेळा सांगितलं."

"मोहियुद्दीनभाई, माझ्या बापानं तीस वर्षं ट्रक चालवला. लांबच्या पल्ल्याला गाडी निघाली आणि चाकाखाली लिंबू न्हाई, असं एकदाबी झालं न्हाई. ही गाडी तर सातासमुद्रापार चाललीय. तशीच सोडू व्हय?"

त्याने वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाखाली लिंबू सारलं. डेलने ट्रक सुरू केला. चाक लिंबावरून गेलं. कुमारने मनातल्या मनात हात जोडले आणि नेहमीप्रमाणे चेंदामेंदा उचलायला तो पुढे झाला. बघतो तर जमिनीवर काहीच नाही. नुसता ओला डाग.

लष्करी ट्रकच्या टायरच्या खाचा बोटभर खोल असतात. लिंबू त्यांतल्या एका खाचेत जाऊन बसलं होतं आणि ट्रकबरोबर थेट स्वच्छ आवारात पोचलं होतं. कुमारने दोरीपर्यंत धाव घेतली, पण आत जायची त्याला मनाई होती. आत इन्स्पेक्टर पेटिट शेवटची चक्कर मारत होते. चौथ्या ट्रकपाशी थांबले, सहाव्यापाशी थांबले, आणि सेहेचाळिसाव्यापाशी आले ते हललेच नाहीत.

"सार्जंट," त्यांनी शांतपणे हाक मारली. "हे काय आहे?"

डेल वाकला. "लिंबू, सर."

"टायरमध्ये?"

"मी खात होतो, सर."

"टायरने?"

डेलचं तोंड लाल झालं. आता बिचाऱ्यावर शेकणार, हे दिसताच कुमार दोरीखालून आत घुसला.

"साहेब, लिंबू माझं. त्याचा काय दोष न्हाई."

"तू ठेवलंस? कशासाठी?"

कुमारला इंग्रजी सुचेना. त्याने ट्रककडे बोट केलं, मग आकाशाकडे, मग डेलकडे, मग छातीवर हात ठेवला. "हा पोरगा घरी सुखरूप जावा म्हणून. आमच्यात ठेवतात."

पेटिटसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे फार चांगुलपणाचं आहे. पण आत बिया आहेत, साल आहे. कुठल्या देशातलं लिंबू, त्यावर कुठली कीड, काही माहीत नाही. हा ट्रक पुन्हा धुवावा लागेल." मग जाता जाता, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "एकाच ट्रकला ठेवलंस ना?"

दोरीपलीकडून मोहियुद्दीन जिवाच्या आकांताने मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण! पण तोडकरांच्या घरात खोटं बोलायचा सराव कोणालाच नव्हता.

"न्हाई साहेब," कुमार म्हणाला. "एकालाच कसं ठेवणार? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांना ठेवलं. सेहेचाळीस लिंबं."

पेटिटसाहेबांनी रांगेत उभ्या असलेल्या चकचकीत ट्रकांकडे पाहिलं आणि पासचे सेहेचाळीस कागद एकेक करून फाडले.

उद्याच्या विमानासाठी पिशव्या भरून बसलेले एकशेवीस शिपाई पिशव्या सोडून परत पाइपांकडे निघाले. कोणी शिवी दिली नाही, कोणी आरडाओरडा केला नाही. नुसते कुमारकडे बघत एकेक जण शेजारून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुमारला वाटलं.

संध्याकाळी कफीलाने कुमार आणि मोहियुद्दीनला बोलावलं. सैन्याचं तक्रारीचं पत्र त्याच्यापुढे पडलं होतं आणि त्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

"माझं नाव घालवलंस!" तो टेबलावर हात आपटून ओरडला. "खलास! उद्याच तुझे कागद करतो. कायमचा एक्झिट! इथे परत तोंड दाखवू नकोस!"

कुमार मान खाली घालून उभा होता. नोकरी गेली, एवढंच आधी त्याच्या डोक्यात शिरलं. मग हळूहळू उरलेलं वाक्य शिरलं. एक्झिट! म्हणजे पासपोर्ट, म्हणजे विमान, म्हणजे विटा. नऊ महिने पाया पडून जे मिळालं नाही, ते हा माणूस शिक्षा म्हणून देत होता. कुमारचा चेहरा आपोआप फुलायला लागला. तो त्याने कसाबसा पाडला.

पण मोहियुद्दीन मित्राला जागणारा माणूस. तो पुढे झाला आणि अरबीत जो सुटला तो थांबेचना.

"शेख, मी याच्या खोलीत राहतो, मला विचारा. असा कामसू माणूस सापडायचा नाही. आमच्याकडे लिंबाने भांडी घासतात, पितळ घासतात. पाण्याने टायरचा डाग जाईना, म्हणून याने स्वतःच्या पदरची लिंबं आणली. एकेका ट्रकला एकेक! सांगा, असं कोण करतं?"

कफीलाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. "स्वतःची लिंबं?"

"वल्लाही, अल्लाची शपथ, स्वतःची."

कुमारला अरबी जेमतेम कळायची, पण आठ्या उतरलेल्या कळत होत्या. त्याने मोहियुद्दीनच्या पायावर पाय दिला. मोहियुद्दीनला वाटलं, अजून बोल म्हणतोय. त्याने अजून दोन वाक्यं घातली.

"सच्चा माणूस आहे," कफील म्हणाला आणि पत्र बाजूला सारलं. "माफ केलं. पुढच्या महिन्यात जुबैलला तीनशे ट्रकांचं काम येतंय. याला तिथे मुकादम करतो."

"ऐकलंस?" मोहियुद्दीनने आनंदाने कुमारच्या पाठीत थाप मारली. "टायर घासायला लिंबं आणलीस म्हटलं, तर तुला तीनशे ट्रकांवर मुकादम!"

कुमारच्या डोळ्यांपुढे तीनशे ट्रक उभे राहिले. त्यांच्यामागे स्मृती शाळेत जाताना दिसली. "साहेब," तो घाईने मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, "हा खोटं बोलतोय. मी घासायला लिंबू वापरलं न्हाई. मी बेअक्कल माणूस आहे. मी परत ठेवीन."

"परत?"

"तीनशेला तीनशे! माझा हातच राहत न्हाई साहेब. मला मुकादम केलं तर माझ्या हाताखालचेबी ठेवतील."

कफीलाने पत्र पुन्हा पुढे ओढलं. मग कपाट उघडून पासपोर्ट टेबलावर फेकला. "खलास. गुरुवारचं विमान. यल्ला, बाहेर हो!"

बाहेर आल्यावर मोहियुद्दीन डोळे पुसायला लागला. "मी एवढं वाचवलं होतं रे तुला."

"तुमचे उपकार विसरणार न्हाई, मोहियुद्दीनभाई," कुमार म्हणाला, "पण आता गुरुवारपर्यंत कुणाकडं माझी बाजू घेऊ नका."

खोलीत मात्र त्याला बसवेना. आपण घरी चाललो आणि आपल्या लिंबापायी एकशेवीस पोरं पाइप धरून उभी. सकाळी तो पासपोर्ट खिशात घालून आवारात गेला आणि न विचारता सेहेचाळिसाव्या ट्रकखाली शिरला. जरा वेळाने शेजारी दुसरा माणूस सरपटत आला. डेल होता.

"तुला काढून टाकलं म्हणे."

"व्हय."

"म्हणजे आमच्या आधी तूच घरी जाणार."

"व्हय," कुमार कसाबसा म्हणाला. "मला माफ कर भावा."

डेल उताणा पडल्या पडल्या हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचंच होतं की नाही, हे कुमारला कळेना. "सहा महिने," डेल म्हणाला, "सहा महिने आम्ही सगळे डोकं खाजवतोय की लवकर घरी कसं जावं. आणि तू जाऊन एक लिंबू ठेवलंस." मग त्याने ब्रश पुढे केला. "त्या कोपऱ्यात बघ. तिथे मी मागच्या वेळी विसरलो होतो."

चार दिवस ते असे घासत राहिले. बुधवारी दुपारी पेटिटसाहेबांनी सेहेचाळिसाव्या कागदावर सही केली. या वेळी कोणी कोणाला उचललं नाही. जो तो जिथे होता तिथेच बसला. शिपायांचं विमान शुक्रवारचं ठरलं.

संध्याकाळी डेल आणि कुमार टेलिफोनच्या केबिनसमोर रांगेत उभे राहिले. कुमारने चार दिवस घरी फोन केला नव्हता. नोकरी गेली हे श्यामलाला कुठल्या तोंडाने सांगायचं, हे त्याला ठरवताच येत नव्हतं. आधी डेल आत गेला. "रविवारी, आई. नक्की," एवढंच तो बोलला आणि बाकीचा वेळ नुसता ऐकत राहिला.

मग कुमारने नंबर फिरवला. फोन शेजारच्या किराणा दुकानातला. दुकानदाराने हाक मारली, चपला वाजल्या आणि श्यामलाचा धापा टाकणारा आवाज आला.

"आवं, बरं हाय न्हवं? चार दिस झालं फोन न्हाई! सुट्टी मिळाली?"

"उद्या निघतोय. परवा घरी पोचतो," कुमार म्हणाला. "पण सुट्टी न्हाई, श्यामला. काढून टाकलं मला. कायमचं."

लिंबाचं, टायरच्या खाचेचं, पेटिटसाहेबांचं, सगळं कुठून सुरू करावं याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

"का?" तिने विचारलं.

"चूक झाली माझ्याकडनं. मोठी चूक झाली."

मग श्यामला एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता तिच्या कडेवरची स्मृतीही रडायला लागली, तो आवाज कुमारने पहिल्यांदाच ऐकला.

"मग काय वं," श्यामला हुंदके देत म्हणाली, "ती चूक आक्टोबरातच करायची न्हाई व्हय?"