पिवळ्यातलं पाणी

वार सोमवार, दसरा होऊन आठ दिवस झालेले, सन १९३६. सकाळचे साडेसात. हजर: मी, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, वत्सलाबाई, दुसरीच्या वर्गशिक्षिका, दाजीबा शिपाई, मुली चौतीस, आणि गफूरचाचा रंगारी. गैरहजर: पिवळा रंग.

वरचं टिपण त्या वर्षीच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मला याद्या करायची सवय आहे. काम लिहायचं, झालं की पुढे खूण करायची. त्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. रंग कसा गैरहजर झाला ते सांगते, पण आधी गफूरचाचा सांगायला हवेत. वाशीममधल्या निम्म्या दारांना, बैलबंड्यांना आणि दमण्यांना त्यांचा हात लागलेला होता. तरी माणसं त्यांना जरा टरकूनच असत.

टरकण्याचं कारण त्यांच्या खिशात होतं. फुटक्या चिनी बशीच्या बुडाचा एक तुकडा. बशीची चकचकीत बाजू त्यांच्या कामाची नव्हती. मागच्या कडेला झिलई नसते, खरखरीत पांढरं असतं, तिथे ते वस्तू घासून बघत. सोनार कसोटीवर सोनं घासतो तसे चाचा त्या तुकड्यावर जग घासत. दगड, विटा, मातीची ढेकळं, माझ्या टेबलावरचं वजन, एकदा तर वत्सलाबाईंच्या नव्या चपलेची टाच. आणि घासून झालं की उमटलेली रेघ डोळ्याशी धरून म्हणत, "दिसते काय ते सोडा, उतरते काय ते बोला."

हे वाक्य ते माणसांनाही लावत. त्यांच्या पुतणीला पाहायला आलेल्या नवऱ्या मुलाचं सगळे कौतुक करत होते, तेव्हा चाचा कोपऱ्यातून म्हणाले, "पोरगा दिसाले चांगला हाय. पन घासून कोनं पाह्यला?" लग्न झालं, पण तो जावई पुढे चाचांसमोर बसताना हात मागे लपवून बसायचा.

गावातल्या एका शेटजींना शेतात विहीर खणताना काळे दगड सापडले. वांग्याच्या सालीसारखे तुकतुकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या गाठीगाठींचे. फोडला की आत बारीक तंतू, एका बिंदूतून पंख्यासारखे पसरलेले. शेटजींची झोप उडाली. त्यांनी खाणीच्या परवान्यासाठी नागपूरला अर्ज लिहायला घेतला आणि तो शुद्ध करून घ्यायला माझ्याकडे आणला. चाचा नेमके शाळेच्या बाकांना रंग देत होते. उठले, दगड उचलला, बशीवर एकदा घासला.

पांढऱ्या बशीवर पिवळी रेघ उमटली. तपकिरीकडे झुकणारी, पण पिवळी. दगड कोळशासारखा काळा आणि त्यातून उतरलं पिवळं! काळ्या गाईचं दूध पांढरं निघतं, पण ते आपण जन्मापासून बघतो म्हणून गप्प बसतो. ही रेघ मी पहिल्यांदाच बघत होते आणि हातातला अर्ज विसरले होते.

"शेटजी, हा गंज हाय," चाचा म्हणाले. "खुदानं घडवेल गंज. तुमी गंजाचे मालक झाले. मुबारक."

शेटजी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यातला एक दगड माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. अजूनही कोणी पाहुणा आला की मी तो घासून दाखवते.

गंजाबद्दल चाचांना जी माया होती ती लोकांना सोन्याबद्दल असते. माझ्या यादीत 'फाटकाचा गंज खरवडणे' हे काम होतं. चाचा कासावीस झाले.

"काहून खरवडता बाई? लोखंड खराब होऊन नाई राह्यलं. ते घरी चाल्लं."

"घरी कुठे?"

"मातीत. आपन त्याले मातीतून काढलं, जाळलं, ठोकलं, त्याचं फाटक केलं. पानी भेटलं का ते आपल्या मायबापाकडे निंगते. जाऊ द्या ना त्याले!"

मी फाटक खरवडून घेतलं. ते सरकारी होतं. पण त्या दिवशी खूण करताना मला उगीच वाटलं की मी कुणाला तरी वाटेतून ओढून परत आणलं आहे.

आता त्यांच्या वेडातलं मुख्य वेड. चाचांच्या घराच्या ओट्यावर एक मडकं होतं, वर झाकण. आत तांबडा गाळ आणि पाणी. दर जुम्म्याला नमाज पढून आले की ते आत ताजं पाणी ओतत, बोटावर चिमूटभर गाळ घेत, बशीवर घासत, बघत आणि पुसून टाकत. येणारेजाणारे विचारत, "काय चाचा, शिजलं का?" चाचा म्हणत, "नाई अजून." कसली खीर शिजवता म्हणून विचारलं तर एकच उत्तर: "लाल मातीची पिवळी करून राह्यलो." अख्ख्या मोहल्ल्याला ते ठाऊक होतं आणि अख्खा मोहल्ला हसत होता. मलाही तो रंगाऱ्याचा एखादा नुस्खा वाटे. यादीत लिहिण्यासारखं मला त्यात काही दिसलं नव्हतं.

आता त्या सोमवारकडे येते. गुरुवारी शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार होते. भिंती पिवळ्या करायच्या असं कमिटीत ठरलं होतं. चाचा स्वतः बंडी घेऊन रिसोडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात गेले. तिथल्या एका जुन्या विहिरीच्या खोदकामात काळ्या खडकाखाली पिवळ्या मातीचा थर लागला होता. तीन पोती भरून आणली. माती कसली, दळलेली हळदच ती. रविवारी अवकाळी सर आली आणि पोती भिजून चिंब झाली. ओली माती चाळता येईना, चुन्यात कालवता येईना. मी यादीत लिहिलं: 'माती वाळवणे. दाजीबा.'

चूक माझीच. कशी वाळवणे ते मी लिहिलं नव्हतं.

दाजीबा कामसू माणूस. त्याने ऊन पडायची वाट पाहिली नाही. तो पोती घेऊन भडभुंज्याकडे गेला. फुटाण्यांचा घाणा संपला होता, भट्टी धगधगत होती, कढई रिकामी होती. दोघांनी मिळून तिन्ही पोती माती भाजून काढली.

सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर पोती सोडली. आत लालभडक गेरू होता. हळदीचं एका रात्रीत कुंकू झालं होतं.

"बाई, म्या काईच नाई टाकलं जी!" दाजीबा रडायच्या बेतात आला. "देवाशप्पथ, निस्ती वाळवली. फुटान्यासारखी!"

"फुटाणे तरी पिवळे राहतात, दाजीबा," वत्सलाबाई म्हणाल्या.

मुली खिदळल्या. मी चाचांकडे पाहिलं. एका हलवायाने त्यांच्या डब्यातला निळा रंग सांडला होता तेव्हा त्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, म्हणून मी मुलींना मागे घेतलं. पण चाचा चिडले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले, कोपरापर्यंत हात पोत्यात घातला आणि हलकेच विचारलं, "सगळीच भाजली?"

"व्हय चाचा. तिन्ही."

ते दुसरं, तिसरं पोतं चाचपत गेले. मग पोत्याच्या शिवणीत अडकलेलं, गरम मातीच्या शेकाने वाळून खडखडीत झालेलं एक पिवळं ढेकूळ त्यांच्या बोटांना लागलं. ते बाहेर काढून म्हणाले, "दाजीबा, चिमटा आन. आन चिमनी पेटव."

खिशातून त्यांनी होमिओपाथीच्या गोळ्यांची एक बारीक काचेची नळी काढली. ढेकूळ बोटांनी चुरलं, पूड तळाशी टाकली, नळी चिमट्यात आडवी धरून बूड ज्योतीवर नेलं. चौतीस मुली आणि आम्ही दोघी वाकून बघत होतो. आधी काहीच झालं नाही. मग नळीच्या तोंडाकडची काच धुरकट झाली. मग त्या धुक्याचे थेंब झाले. खरेखुरे, चकाकणारे पाण्याचे थेंब. कोरड्या ठणठणीत मातीतून! आणि तळाशी पूड आधी मळकी झाली, मग विटकरी, मग लाल. आमच्या डोळ्यांसमोर. मी वीस वर्षं मुलींना जगातली आश्चर्यं शिकवत आले आहे. ती सगळी लांबच्या देशांतली असतात, आणि हे तर आमच्या भिंतीला लागणार होतं.

"पाहा पोरीहो," चाचा म्हणाले. "पिवळ्याच्या पोटात पानी असते. दिसत नाई, हाताले लागत नाई. पन असते. आग लागली का ते निंगून जाते. पानी गेलं का मंग तो लाल."

पुढे वाकलेली एक मुलगी पटकन म्हणाली, "मंग परत टाका ना पानी, चाचा!"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. "टाकून राह्यलो बेटा. अठरा सालापासून."

दाजीबाच्या डोळ्यांना धार लागली होती. चाचांनी लाल हात तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला. "रडू नोको. तुही चूक नाई. म्याबी भाजली होती."

मुलींना वर्गात पाठवलं. मग पायरीवर बसून चाचांनी सांगितलं, तेही दाजीबाला. मी फक्त जवळ उभी होते. सन अठरा, मानमोडीच्या तापाच्या साथीचं वर्ष. त्यांची बायको सकीना त्याच खेड्यातली, त्याच विहिरीशेजारची. तिच्या माहेरी घराचा दर्शनी भाग या मातीने सारवत. ईदेला आपलंही घर पिवळं दिसावं म्हणून ती एक टोपलं माती डोक्यावर घेऊन आली. वाटेत पावसाने माती भिजली, तीही भिजली. दोन दिवसांत तापाने अंथरुणाला खिळली. उठायच्या आत घर सारवून तिला दाखवावं म्हणून चाचांनी माती चुलीवर तव्यात घालून वाळवली.

"लाल झाली. तिले दाखवली. मले वाटलं, आता बोलते. ते हासली. म्हने, रंगारी म्हनवता न् माह्या मातीचा रंग घालवला. परत पिवळी करून द्या, मंग लावू." चाचांनी बोटं पुसली. "चौथ्या दिवशी गेली."

मला राहवलं नाही. "पण चाचा, माती तर तिथे ढिगाने आहे. तुम्ही परवाच तीन पोती आणलीत."

"ते तिनं आनेल नव्हती ना, बाई."

शाळा लाल झाली. गुरुवारी दिपोटी साहेबांनी शेऱ्यात 'भिंती नीटनेटक्या' असं लिहिलं आणि रंग कोणी निवडला असं विचारलं. दाजीबा दाराआड गेला. त्या जुम्म्यापासून मोहल्ल्यात 'शिजलं का' म्हणणाऱ्यांत एक माणूस कमी झाला, कारण शुक्रवारचं पाणी आता दाजीबाच आडावरून आणून देऊ लागला.

पाच वर्षांनी चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रंगाऱ्याचे डोळे गेले. दारं रंगवायची थांबली. मंगरूळपीरच्या पुतण्याने त्यांना घरी न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मोटार स्टँडवर उभी होती आणि चाचा दाजीबाचा हात धरून शाळेत आले. दाजीबाच्या डोक्यावर मडकं.

"बाई, मोटारीत सांडन. तुमच्याकडे राहू द्या. दर जुम्म्याले पानी. न् कस पाहून मले सांगा. तुमी लिहून ठेवता, म्हनून तुमाले सांगतो. लोक मले खूश कराले काईबी सांगतीन." मग खिसा चाचपून त्यांनी बशीचा तुकडा माझ्या हातात दिला. तो एका बाजूने झिजून नखाएवढा पातळ झाला होता.

मी त्यांच्यासमोर वही काढली आणि लिहिलं. चाचांना अक्षरं दिसत नव्हती, पण टाक चालल्याचा आवाज ऐकून त्यांनी मान हलवली.

त्याला आठ महिने झाले. पाणी घातलं जातं. त्यापुढे दर शुक्रवारी खूण आहे. पुतण्याच्या हातची दोन कार्डं आली. दोन्हींत खुशाली, आणि शेवटी: 'चाचा पुसतात, काय उतरले?'

गेल्या शुक्रवारी झाकण काढलं तर मडक्याच्या आत, पाण्याची रेघ लागते तिथे, केसाएवढी पिवळी कड दिसली. आमच्या आडाच्या पाण्याला लोखंडाची चव आहे. त्याचाच साका असेल. खाली गाळ लालच दिसतो. पण दिसते काय ते सोडा, हे मला त्याच माणसाने शिकवलं आहे. मी तुकडा हातात घेतला, बोट गाळाजवळ नेलं. दाजीबा कळशी घेऊन बाजूला उभा होता. त्याने तोंड फिरवलं. मी तुकडा परत फडताळात ठेवला.

वहीच्या त्या पानावर सतरा कामं आहेत. सोळांपुढे खुणा आहेत. सतरावं असं:

'मडक्याचा कस पाहणे. जे उतरेल ते चाचांना कळवणे.'