पेलिकन आणि पंढरीच्या खोल्या

"अवो, तल्यावर कोन तरी रोज आपल्या खोल्यांचे फोटो काढतंय," पुतळाने चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवत सांगितलं, आणि पंढरीच्या तोंडातला पाव तोंडातच राहिला.

शिरवणे गावामागच्या तळ्याला लागून पंढरीने चार खोल्या काढल्या होत्या. दोन पुऱ्या होऊन त्यांत भाडेकरूही आले होते, दोन अर्ध्या भिंतींवर होत्या. परवानगी मात्र चारींपैकी एकीचीही नव्हती. तो खिडकीशी गेला. पलीकडच्या काठावर झुडपात हिरवी जाळी पांघरून एक माणूस बसला होता. त्याच्या कॅमेऱ्याची हातभर नळी थेट खोल्यांवर रोखलेली होती.

"पालिकेचा हाय," पंढरी पुटपुटला. "आता लपूनछपून यायला लागले काय हे?"

तो माणूस धनाजी होता. साताऱ्याकडचा, राहायला कोपरखैरण्यात, नोकरी तुर्भ्याच्या कारखान्यात. दुपारची शिफ्ट लागल्यामुळे सकाळ मोकळी होती, आणि त्याला पक्ष्यांचं वेड होतं. पंढरीच्या खोल्यांसमोर तळ्यात चिखलाचा एक उंचवटा होता, त्यावर यंदाच्या थंडीत चक्क चार पेलिकन उतरले होते, दोन पूर्ण वाढलेले, दोन अजून कोवळे. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर त्याने ही बातमी टाकली, तेव्हा ग्रुप चालवणाऱ्या नमितामॅडमनी लिहिलं, "बगळे असतील. फोटो असेल तर बोला." खाली वीसेक जणांनी हसरे चेहरे टाकले.

ते चेहरे धनाजीच्या जिव्हारी लागले होते. पण पेलिकन सकाळभर चोची पिसांत खुपसून झोपत. फोटोत ते चुन्याच्या गोणीसारखे दिसत. गोणीचा फोटो टाकून आणखी हसू करून घेण्यात अर्थ नव्हता. एकदा तरी ते उडायला हवे होते. तळं कुठलं, हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळे कॅमेरे घेऊन धावले असते आणि पक्षी पळाले असते.

त्यामुळे पंढरी चहाची किटली घेऊन झुडपापाशी आला तेव्हा धनाजीने आधी कॅमेऱ्यावर जाळी ओढली. हा माणूस पक्षी पकडणारा तर नसेल?

"साहेब, रोज येता. काय बघता एवढं?" पंढरीने गोड आवाजात विचारलं.

"काही नाही. असंच."

"समोरचंच बघता ना?"

धनाजी सावध झाला. याला कळलंय तर! "तुमाला माहीत आहे समोर काय आहे ते?"

"आमाला नाय तर कोनाला म्हाईत असनार?" पंढरीने किटलीतला चहा त्याच्यापुढे केला. "किती मोजलेत?"

"चार. दोन फुल तयार, दोन अजून कच्चं काम."

पंढरीने किटली खाली ठेवली. "वर कलवलंय?"

"अजून नाही. पुरावा पक्का झाला की टाकणार."

"आनि तोवर आमी काय करायचं, साहेब?"

"आवाज बंद. तुमच्याकडे तो सिमेंटचा मिक्सर चालतो ना, तो आधी थांबवा. आणि बाहेरच्या कोणाला इकडे फिरकू देऊ नका. बातमी फुटली तर दोघांचंही नुकसान."

दोघांचंही! त्या शब्दाने पंढरीला धीर आला. याचा अर्थ माणूस ऐकण्यातला होता. त्याने त्याच दिवशी काम थांबवलं, गवंड्याला घरी धाडलं आणि दुसऱ्या सकाळी खाडीतला ताजा जिताडा केळीच्या पानात गुंडाळून धनाजीपुढे ठेवला.

पान उघडताच धनाजी ताडकन उभा राहिला. मासा दाखवून पक्ष्यांना जाळ्यात ओढायचा डाव! "उचला हा! एक मासासुद्धा चालणार नाही इथे. असले धंदे माझ्यासमोर करायचे नाहीत!"

पंढरी जिताडा पोटाशी धरून घरी परतला. "खात नाय गो," तो पायरीवर बसत म्हणाला. "आपन मेलो. असा मानूस मी जन्मात नाय बघितला."

"खात नाय तर दिसू देऊ नका," पुतळा म्हणाली. "झाका खोल्या."

पंढरीला ते पटलं. बाजारातून ट्रकवर टाकायची भलीमोठी निळी ताडपत्री आली. सकाळचं धुकं विरायच्या आत झाकून टाकायचं म्हणून तो स्वतःच पत्र्यावर चढला, पुतळा खाली दोरी धरून उभी राहिली. ताडपत्री वर चढवेपर्यंत धुकं विरून ऊन पडलं. ती उलगडली मात्र, खाडीकडून वारा आला. फडाड् करून ती शिडासारखी फुगली, दोरी सुटली आणि पंढरीने अशी आरोळी ठोकली की चारही गोण्यांना एकदम पंख फुटले.

धनाजीचं बोट कॅमेऱ्यावरून हललंच नाही. पेलिकन पाण्यावर धावले, उचलले गेले, तळ्यावर एक फेरी मारून खाडीकडे दिसेनासे झाले.

मग तो जाळीसकट ओरडत तळ्याला वळसा घालून आला. "घालवलेत ना! चार पेलिकन होते! महिनाभर बसलो मी त्यांच्यासाठी!"

पत्र्यावरून पंढरीने खाली पाहिलं. "कोन चार?"

"पक्षी! ते झोळीवाल्या चोचीचे!"

"तुमी पालिकेचे नाय?"

"मी कारखान्यात पॅकिंगला आहे!"

पुतळा मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. पंढरी खाली उतरला, त्याने धनाजीला मिठी मारली, मग जरा दूर होऊन विचारलं, "मग फोटो आला काय?"

धनाजीने स्क्रीन पुढे केली. असा फोटो त्याने आयुष्यात काढला नव्हता. मोठा पेलिकन पूर्ण पंख पसरून, पायांखाली पाण्याचे तुषार, चोचीखालची पिवळसर झोळी उन्हात उजळलेली. आणि मागे विटेन् वीट स्पष्ट, चारही खोल्या. एका पत्र्यावर आ वासलेला पंढरी.

"खोल्या कापा ना त्यातून," पंढरी हळूच म्हणाला.

धनाजीने इकडून कापून पाहिलं, तिकडून कापून पाहिलं. खोल्या जात होत्या, पण सोबत पंखही जात होते. ग्रुपवरचे ते हसरे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे आले. मग त्याने खोलीच्या दारातून डोकावणाऱ्या भाडेकरणीकडे पाहिलं, तिच्या कडेवर तान्हं होतं. त्याने कॅमेरा बंद केला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बगळेच होते म्हणतो."

पेलिकन त्या थंडीत पुन्हा आले नाहीत. फोटो मात्र पंढरीने धनाजीकडून मागून घेतला आणि वाशीला मोठा करून, चौकटीत बसवून पुढच्या खोलीत टांगला. येईल त्याला तो अभिमानाने दाखवतो, "असा फोटो कोनाकडं नाय!" फक्त आत शिरण्याआधी पुतळा प्रत्येकाचा मोबाइल ओट्यावर ठेवून घेते. जिताड्याचं कालवण खायला बोलावलं की धनाजीचासुद्धा.