आजोबांना धाप लागते

सकाळी वाफ घेऊन झाल्यावरही आजोबांच्या छातीतली घरघर थांबली नाही, तेव्हा अनुस्वाररावांच्या घशाखाली चहा उतरेना.

आजोबा म्हणजे घरातला ससा. लेकीने लहान असताना हट्टाने आणला, लाडाने वाढवला आणि शिकायला परगावी जाताना "बाबा, याला जपा" म्हणून बाबांच्या गळ्यात घातला. आता तो नऊ वर्षांचा झाला होता, म्हणजे सशांच्या हिशेबाने पार थकलेला. नाक कायम चोंदलेलं, श्वास घेताना जुन्या हातपंपासारखा आवाज, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाने आपली निराशा केल्याचा भाव. त्यामुळे त्याला सगळे आजोबा म्हणत आणि बोलताना अहो-जाहो करत. अनुस्वारराव एका छापखान्यात मुद्रितं तपासत. सुटलेला अनुस्वार त्यांना चार हातांवरूनही दिसे, म्हणून त्यांना तिथे हे नाव पडलं होतं.

घरात फोनला आवाज नीट येत नसे. अनुस्वारराव जिन्यात आले आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावून ओरडू लागले.

"डॉक्टर, आजोबांची धाप वाढलीय हो! नाही, कालपासून काही खाल्लं नाही... गवताला तोंडच लावत नाहीत! हो, पुढचे दात पुन्हा वाढलेत, ते कापूनच टाकू या... नाही नाही, वाफेपुरतं सोडलं तर पिंजऱ्याबाहेर काढलंच नाही. टोपलीत बसवतो, वरून टॉवेल टाकतो आणि नळीने वाफ सोडतो. काय? संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर?"

सशाचं पोट एकदा थांबलं की प्रकरण हाताबाहेर जातं, हे डॉक्टरांनी पूर्वीही सांगितलं होतं.

समोरच्या घरात नुकत्याच राहायला आलेल्या काकू दाराआड उभ्या होत्या. म्हणजे त्या पायपुसणं झटकायला आल्या होत्या, पण झटकायचं राहून गेलं. एका म्हाताऱ्या माणसाला पिंजऱ्यात ठेवतात, गवत घालतात आणि दात कापतात, एवढं ऐकल्यावर कुणाचे हात चालतील? त्यांनी तडक ज्येष्ठ नागरिकांच्या मदत केंद्राला फोन केला.

इकडे अनुस्वाररावांनी छापखान्याच्या मालकांना फोन लावला. एक व्याकरणाचं पुस्तक त्याच दिवशी छपाईला जायचं होतं आणि मालक सकाळपासून धुमसत होते.

"साहेब, आज रजा हवी होती. आजोबांना धाप लागलीय."

"आजोबा? तुमचे आजोबा आहेत अजून?" मालकांचा आवाज एकदम मऊ झाला. "वय काय त्यांचं?"

"नऊ व—"

"नव्वद! अरे अरे अरे. मग तुम्ही फोन कसला करत बसलात? बसा त्यांच्याजवळ. पुस्तक गेलं खड्ड्यात!"

दुसऱ्याची चूक दिसूनही दुरुस्त न करण्याची अनुस्वाररावांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला.

"सांगितलंत ना, ससा आहे म्हणून?" ते आत येताच बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"त्यांनी विचारलंच नाही."

"कोण विचारील? 'आजोबा आजारी आहेत' म्हटल्यावर 'कोणत्या जातीचे' असं कोणी विचारतं का?"

दुपारी दोघांनी आजोबांना पुन्हा टोपलीत बसवलं, टॉवेल टाकला आणि वाफेचं यंत्र सुरू केलं. अनुस्वारराव जमिनीवर बसून, "घ्या हो, एवढं एक पान घ्या," म्हणत कोथिंबिरीची काडी आत सरकवत होते. आजोबा मान फिरवत होते. तेवढ्यात दार वाजलं.

दारात मालक उभे. घामाघूम, आणि कडेवर एक भलीमोठी खुर्ची. खुर्चीला बसायच्या जागी भोक आणि खाली भांडं.

"आमच्या आईची," मालक धापा टाकत म्हणाले. "शेवटी शेवटी फार उपयोगी पडली. नवीच समजा. कुठे ठेवू?"

अनुस्वाररावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमिनीऐवजी पुन्हा दारच वाजलं. या खेपेला मदत केंद्राच्या बाई होत्या, त्यांच्या पाठीशी काकू होत्या, आणि काकूंच्याही पाठीशी, काय गडबड आहे ते बघायला आलेले त्यांचे काठीवाले सासरे.

"तुमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ आहेत असं कळलं," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "कुठे आहेत आजोबा?"

"टोपलीत," बायको म्हणाली. तिला लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" काकू किंचाळल्या.

मालकांच्या हातून खुर्ची सुटली. "अनुस्वारराव, तुम्ही आजोबांना टोपलीत—? अहो, मावले तरी कसे?"

तेवढ्यात टॉवेलखालून स्पष्ट घरघर ऐकू आली. बाईंनी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि टॉवेल उचलला. वाफेचा लोट वर आला. तो विरला तेव्हा आधी दोन कान दिसले, मग ओलं नाक, मग अत्यंत नाराज असे डोळे.

आजोबा शिंकले. बाईंच्या चष्म्यावर.

"हे आजोबा?" मालकांनी विचारलं.

"हो साहेब. नऊ वर्षांचे." अनुस्वाररावांची मान खाली. "सकाळी सांगत होतो, पण... सांगायला हवं होतं. मी आत्ता येतो कामावर. फक्त संध्याकाळपर्यंत यांनी काही खाल्लं नाही, तर डॉक्टर म्हणतात की..."

मालक आईच्या खुर्चीचं झाकण लावून त्यावर बसले. "पुस्तक इथेच मागवतो," ते म्हणाले. "मात्र चूक राहिली तर बघा."

या सगळ्या गोंधळात काकूंचे सासरे काठी टेकत पुढे आले, टोपलीशी बसले आणि पडलेली कोथिंबिरीची काडी त्यांनी उचलली. त्यांनी आग्रह केला नाही, की चुचकारलं नाही. काडी धरून नुसते बसून राहिले, आपल्याच श्वासाची शिट्टी ऐकत. आजोबांनी नाक हलवलं. मान पुढे केली. आणि कुर्र कुर्र आवाज करत पान खायला लागले.

"खाल्लं!" अनुस्वारराव एवढ्या जोरात ओरडले की आजोबा दचकले, पण खायचे थांबले नाहीत. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मालकांनीही उगीच खिडकीबाहेर पाहिलं.

"याचे दात कोण बघतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"डॉक्टर. वाढले की लगेच नेतो."

"आणि ही वाफ रोज?"

"रोज दोन वेळा."

"हं." म्हातारबुवा सशाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "माझी कवळी मोडली त्याला वर्ष होईल. पेज पितो. पण याचं बरं चाललंय, याचा आनंद आहे."

बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि काकूंकडे पाहिलं.

"अहो, ते काहीही बोलतात," काकू घाईघाईने म्हणाल्या. "बाबा, उठा, घरी चला बघू!"

"चला, मीही येते," बाई म्हणाल्या.

"आत्ता? आमच्याकडे फार पसारा आहे हो—"

"मला पसारा नाही बघायचा," बाई चपला घालत म्हणाल्या. "म्हातारबुवांची खोली बघायची आहे."

काकू सासऱ्यांकडे वळल्या. सासऱ्यांनी मांडी आणखी ऐसपैस घातली आणि दुसरी काडी उचलली.

"तुम्ही दोघी व्हा पुढे," ते म्हणाले. "आमचं जेवण चाललंय."